शॉकअप गळतोय! पुढच्या फोर्कमधल्या तेलाची नव्वद वर्षांची गोष्ट

या भागाची लिखित प्रत बऱ्याच जणांनी मागितली होती, म्हणून ही घ्या. अडखळलेलं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

बाइक खाली उभी असेल तर आधी एक काम करा. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या चकचकीत नळ्या आहेत, त्यांच्यावरून बोट फिरवा. बोटाला जेमतेम ओलसरपणा लागला तर ठीक आहे. पण काळपट तेलाचं कडं दिसलं, किंवा खाली ओघळ आला असेल, तर तुमचं ऑइल सील गेलंय. गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप गळतोय'.

आता प्रश्न असा, की तिथे मुळात तेल आहेच कशाला? धक्के खायला स्प्रिंग आहे ना आत?

स्प्रिंग एकटी पुरत नाही

स्प्रिंग धक्का खाते, पण पचवत नाही. दाबली की ती ऊर्जा साठवते आणि लगेच परत फेकते. म्हणजे खड्डा मागे पडला तरी गाडी वर-खाली होतच राहते. ती ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. यालाच डॅम्पिंग म्हणतात.

सुरुवातीच्या मोटरसायकलींना पुढे 'गर्डर' फोर्क असायचा. लोखंडी सांगाडा, मधोमध एक स्प्रिंग आणि बिजागरीसारखे सांधे. डॅम्पिंगसाठी एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या. बऱ्याच गाड्यांवर त्या आवळायला हाताने फिरवायची मूठ असे. सैल ठेवली तर गाडी उड्या मारणार, घट्ट आवळली तर फोर्क जागचा हलणारच नाही. शिवाय चकत्या झिजायच्या, पाऊस-चिखलात त्यांची पकड बदलायची.

नळीत नळी सरकवायची कल्पनाही जुनीच. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड अँगस स्कॉटने 1908 च्या आपल्या मोटरसायकलला सरकता फोर्क दिला होता. डेन्मार्कच्या निंबस कंपनीने 1934 मध्ये टेलिस्कोपिक फोर्कची गाडी बाजारात आणली. पण त्यांत तेलाचं डॅम्पिंग नव्हतं. निंबसमध्ये ते नंतर आलं.

खरा बदल 1935 चा. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर12 ही गाडी काढली. तेलाने डॅम्पिंग होणारा टेलिस्कोपिक फोर्क कारखान्यातूनच घेऊन येणारी ही पहिली मोटरसायकल मानली जाते. कल्पना अगदी साधी आहे. नळी खाली-वर झाली की आतलं तेल बारीक भोकांतून जबरदस्तीने ढकललं जातं. तेलाला भोकातून जायला जोर लागतो, आणि त्या जोरात खड्ड्याची ऊर्जा उष्णता होऊन संपते. हळू दाबलं तर तेल आरामात वाट देतं, जोरात आपटलं तर जोरात विरोध करतं. चकत्यांना हे कधीच नीट जमलं नव्हतं.

मग तेल आत ठेवायचं कसं?

इथे आपला आजचा हिरो येतो. सरकणाऱ्या नळीभोवती तेल अडवणं सोपं नाही. कड घट्ट केली तर नळी अडकते, सैल केली तर तेल बाहेर.

पूर्वी यंत्रांमध्ये तेल अडवायला चामडं किंवा नमदा वापरायचे. घरी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह असेल तर आजीला विचारा. त्याच्या पंपात चामड्याचं वॉशर असायचं. ते कोरडं पडलं की हवा भरायची नाही, मग त्याला तेलाचा थेंब द्यायचा. तत्त्व तेच आहे. लवचीक कड भिंतीला टेकून राहते, आणि तिला स्वतःलाही थोडं तेल लागतं.

जर्मनीतल्या वाइनहाइम गावात फ्रॉइडनबर्ग ही कंपनी आहे. 1849 पासून तिचा धंदा चामडं कमावण्याचा. 1929 च्या मंदीच्या सुमारास ती यंत्रांसाठी चामड्याची सीलं बनवायला लागली. तिथे वाल्टर झिमर या इंजिनिअरच्या कामातून फिरत्या दांड्यासाठी धातूच्या कड्यात बसवलेलं सील तयार झालं, आणि त्याच्याच नावावरून 'झिमरिंग' हा शब्द आला. पुढे 1930 च्या दशकातच चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. साधं नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि खराब होतं. नायट्राइल रबर टिकतं. आज तुमच्या फोर्कमध्ये जे सील आहे, ते याच घराण्यातलं. बाहेर धातूचं कडं, आत रबराची पातळ कड, आणि बऱ्याचदा त्या कडेला नळीवर हलकेच दाबून ठेवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग.

युद्धातून आपल्या गल्लीत

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या बहुतेक गाड्या अजून गर्डर फोर्कवरच होत्या. 1941 मध्ये मॅचलेसची जी3/एल आली. तिला तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क होता, नाव 'टेलिड्रॉलिक'. निरोप्या स्वारांना खराब रस्त्यावर ती आवडली. युद्धानंतर हा फोर्क सगळीकडे पसरला. 1949 मध्ये हार्ले-डेव्हिडसनने आपल्या गाडीचं नावच 'हायड्रा-ग्लाइड' ठेवलं.

गंमत म्हणजे बीएमडब्ल्यूनेच 1955 मध्ये हा फोर्क सोडला आणि अर्ल्स नावाचा वेगळा फोर्क घेतला, जो साइडकारसाठी चांगला होता. पण 1969 च्या गाड्यांमध्ये ते पुन्हा टेलिस्कोपिकवर परतले.

भारतात 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, आणि बुलेटसोबत तेलाचा फोर्क इथे बनू लागला. पण मराठी मध्यमवर्गाच्या दारात तेव्हा बजाजची स्कूटर होती. तिच्या पुढच्या चाकाची रचना निराळीच. राजदूतचा पुढचा फोर्कही या जातीचा नव्हता. 1985 मध्ये हिरो होंडा सीडी100 आणि यामाहा आरएक्स100 आल्या, आणि मग टेलिस्कोपिक फोर्क घरोघरी पोचला. हे शॉकअप बनवणारे कारखानेही आपल्याच आसपासचे आहेत. मुलुंडला 1961 मध्ये सुरू झालेली गॅब्रिएल, आणि औरंगाबादच्या औद्योगिक पट्ट्यात 1985 मध्ये सुरू झालेली एंड्युरन्स.

आता घरचं काम

इतका इतिहास सांगितला, कारण तो समजला की घरी काम करताना प्रत्येक पायरीमागचं 'का' आपोआप कळतं.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक अधांतरी राहील असा आधार द्या. चाक काढा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर तारेने बांधून ठेवा, पाइपवर लोंबकळू देऊ नका. नळ्या ज्या पट्टीत आवळलेल्या असतात तिला गॅरेजवाले 'टी' म्हणतात. फोर्क तिच्यात आहे तोवरच वरचं झाकण थोडं ढिलं करा. नंतर ते हातात धरून सुटत नाही. आणि पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते.

जुनं तेल ओता. ते काळं आणि पाण्यासारखं पातळ निघालं, तर तुमच्या गाडीचं डॅम्पिंग कधीच गेलेलं होतं. तळाचा ॲलन बोल्ट सोडा, डस्ट सील आणि सर्क्लिप काढा. मग नळी हातोड्यासारखी दोन-चार वेळा झटक्याने ओढली की सील बाहेर येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळीवरून नख फिरवा. क्रोमवर कुठे गंजाचा ठिपका किंवा ओरखडा लागतोय का? कोकणातल्या खाऱ्या हवेत हे हमखास असतं. तो ठिपका प्रत्येक फेरीत रबराची कड कापतो. बारीक असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत होतो. खोल असेल तर नळी बदला, नाहीतर नवं सील महिनाभरात जाईल.

नवं सील चढवताना नळीच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा आणि तेल लावा. सील सरळ आत बसवायला बरोबर मापाचा पीव्हीसी पाइप पुरतो.

तेल मात्र अंदाजाने भरू नका. हा धडा मी स्वतः चुकून शिकलोय. पहिल्या वेळी 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून भरलं. पुढचा भाग दगडासारखा कडक झाला आणि दोन आठवड्यांत दोन्ही सीलं पुन्हा गळायला लागली. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर कळलं, की तेलाच्या वर उरलेली हवासुद्धा स्प्रिंगचं काम करते. तेल जास्त म्हणजे हवेला जागा कमी, दाब जास्त, आणि तो दाब थेट सीलवर. माल चांगला होता, माझा हिशोब चुकीचा होता.

अनेक छोट्या गाड्यांमध्ये एका पायात दोनशे मिलीपेक्षा कमीच तेल लागतं. आकडा आणि ग्रेड तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. दोन्ही पायांत एकाच कंपनीचं तेल घाला. दोन कंपन्यांचं '10डब्ल्यू' सारखंच घट्ट असेल असं नाही. भरल्यावर नळी हळूहळू खाली-वर करून अडकलेली हवा काढा. सगळं जोडलं की पुढचा ब्रेक धरून फोर्क दाबून बघा. आणि गळलेलं तेल डिस्कच्या ब्रेक पॅडवर गेलं असेल तर पॅड बदला, नुसते पुसून चालत नाही.

म्हणूनच गळका शॉकअप 'चालतंय तोवर चालू दे' म्हणून सोडू नका. बिघाड छोट्या रबरी कड्याचा असतो, पण तेल ब्रेकवर उतरतं आणि ब्रेक लागत नाही तो नेमका गरजेच्या वेळी. हे काम हातोडी-पान्याने करता येईल असंच या फोर्कचं घडण आहे. हिंमत होत नसेल तर मेकॅनिककडे जरूर द्या. फक्त तो काम करत असताना शेजारी उभे राहा आणि विचारा, 'दादा, तेल किती मिली घातलं?'

उत्तर आकड्यात आलं, तर गाडी योग्य हातात आहे. भेटू पुढच्या भागात!