माईक लावणे

हिंदीत तानपुरा ‘मिलाते हैं’ आणि माइक ‘लगाते हैं’. मराठीत दोन्ही लावतात. तंबोरा लावायचा, तबला लावायचा, सूर लावायचा आणि माईकही लावायचा. नाशिकमधल्या एखाद्या छोट्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तासभर बसलं, की हे क्रियापद इतक्या वेळा कानावर पडतं की त्याचं वेगळेपण जाणवेनासं होतं. वाद्यासमोर कंडेन्सर माईक उभा करण्याच्या कामाला इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही. त्या यंत्राला मिळालेली बाकीची नावं कुठे ना कुठे चुकलेली आहेत, हे क्रियापद मात्र चुकलेलं नाही.

‘लागणे’ आणि ‘लावणे’ ही जोडी संस्कृत ‘लग्’ या धातूपर्यंत जाते. लग् म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. ‘लग्न’ त्याच घरचं. पावसाळ्यात इगतपुरीच्या चिखलात भाताची लावणी चालते, तीही याच कुळातली. खुंटी पिळणारा तंबोरा लावत असतो तेव्हा त्याची नजर कुठेही असली तरी कान तारेवर असतो; षड्ज जुळला की तो थांबतो आणि ‘लागला’ म्हणतो. माईकचंही तसंच आहे. स्टँड दोन बोटं पुढे सरकवला, मान थोडी खाली केली, की सतारीचा आवाज बदलतो. कुठे थांबायचं हे मोजपट्टी सांगत नाही, कान सांगतो.

आता नावांकडे. ‘मायक्रोफोन’ हा शब्द यंत्राच्या कितीतरी आधी जन्मला. ग्रीक ‘मिक्रोस’ म्हणजे लहान आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. १६८३ साली डब्लिनमध्ये नार्सिसस मार्श या पाद्री विद्वानाने ध्वनिशास्त्रावरच्या निबंधात तो वापरला. सूक्ष्मदर्शक जसा बारीक वस्तू मोठी दाखवतो, तसं बारीक आवाज मोठा ऐकवणारं साधन, अशी त्याची कल्पना होती. १८२७ साली चार्ल्स व्हीटस्टन याने धातूच्या कांड्यांतून कानापर्यंत आवाज पोचवणाऱ्या साधनाला हेच नाव दिलं; त्यात विजेचा संबंध नव्हता. विजेशी गाठ पडली ती १८७८ साली, डेव्हिड ह्यूज याने कार्बनचे सैलसर टेकवलेले तुकडे वापरून बनवलेल्या यंत्रामुळे. त्यातून माशीच्या चालण्याचा आवाज ऐकू येतो, अशी त्या काळी ख्याती झाली. म्हणजे शब्दातला ‘लहान’ हा माईकच्या आकाराबद्दल नाही, ऐकायच्या आवाजाबद्दल आहे. कंडेन्सर माईकपुरतं तरी हे नाव बरंच खरं ठरतं, कारण तो खरोखरच बारीकसारीक ऐकतो: पंखा, खुर्चीची करकर, शेजारच्या कुकरची शिट्टी, तबलजीच्या मनगटातलं कडं.

मराठीने त्याला ‘ध्वनिक्षेपक’ म्हटलं. हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या यादीत सांगितला जातो. सावरकर नाशिकजवळच्या भगूरचे, जन्म २८ मे १८८३. त्याच तारखेला, १९२१ साली, नाशिकमध्येच गायक दत्तात्रेय विष्णू पलुस्करांचा जन्म झाला. शब्द देणारा आणि त्या शब्दाच्या वस्तूसमोर गाणारा, दोघांचा जन्मजिल्हा एक आणि जन्मदिवसही एक, याचं मला फार अप्रूप वाटतं. सावरकरांनी दिलेले ‘दिग्दर्शक’, ‘चित्रपट’, ‘मध्यंतर’ हे शब्द इतके मुरले की ते कुणी घडवले हेही आपण विसरलो. ‘ध्वनिक्षेपक’ तेवढा मुरला नाही आणि त्याचं कारण त्याच्या पोटातच आहे. क्षेपक म्हणजे फेकणारा. आवाज दूरवर फेकणाऱ्या भोंग्याला हा शब्द शोभतो, आणि सरकारी आदेशांत रात्री दहानंतर जो ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो तो भोंगाच असतो. माईक मात्र काहीच फेकत नाही, तो घेतो. सभेत माईक आणि भोंगा एकाच माणसाने भाड्याने आणलेले असतात, त्यामुळे एक शब्द दोघांना पुरला. स्टुडिओत भोंगा नसतो, आणि तिथे शब्दाची ही दिशा उलटी पडते. कंडेन्सरसमोर पहिल्यांदा बसलेला वादक हमखास जोर लावून वाजवतो, कारण मनात सभा असते. ‘ध्वनिग्राहक’ हा शब्द मला अधिक पटतो, पण तो कुणाच्या तोंडी नाही. माईक म्हणावं हे उत्तम.

जुन्या भोंग्याला ‘कर्णा’ म्हणतात. त्यात ‘कर्ण’ म्हणजे कान दिसतो आणि माणूस फसतो. कर्णा हे फारसीतून आलेलं लांब तुतारीसारख्या वाद्याचं नाव आहे.

‘कंडेन्सर’ची गोष्ट याहून रंजक आहे. आपल्याकडे पंखा मंद फिरू लागला की वायरमन येऊन सांगतो, ‘कंडेन्सर गेला’. इंग्रजीत त्या वस्तूला विसाव्या शतकात ‘कपॅसिटर’ म्हणू लागले, मराठी पुस्तकांनी ‘धारित्र’ म्हटलं, पण वायरमनने जुना शब्द सोडला नाही. माईक बनवणाऱ्यांनीही सोडला नाही. हा शब्द इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाचा. १७८२ साली त्याने आपल्या उपकरणाला ‘कोन्देन्सातोरे’ म्हटलं, कारण त्यात वीज दाटते, घट्ट होते, अशी त्याची समजूत होती. वाफ थंड होऊन पाणी होते तसं विजेचं काही होत नाही, हे नंतर कळलं. दोन पत्रे जवळजवळ ठेवले की त्यांच्यावर विद्युतभार साठतो, एवढीच खरी गोष्ट. कल्पना गेली आणि नाव राहिलं.

त्यातला एक पत्रा हलता ठेवायचा, हे ई. सी. वेन्ट या अमेरिकी संशोधकाने १९१६ च्या सुमारास केलं आणि कंडेन्सर माईक जन्मला. १९२८ साली बर्लिनमध्ये गेऑर्ग नॉयमन याने तो कारखान्यात बनवून विकायला सुरुवात केली. हलणाऱ्या पत्र्याच्या जागी आज सोन्याचा हात दिलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, जाडी काही मायक्रॉन, केसाच्या जाडीचा एक लहानसा अंश. आवाजाची लाट आली की तो थरथरतो, मागच्या पत्र्यापासूनचं अंतर कमीजास्त होतं आणि तेवढाच विजेचा दाब कमीजास्त होतो. साध्या डायनॅमिक माईकमध्ये पापुद्र्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं ओढावं लागतं. इथे ओझं नाही, म्हणून तारेवरच्या नखीचा पहिला स्पर्शही निसटत नाही.

या पापुद्र्याला मराठीत पडदा म्हणतात, आणि इथे आपली भाषा फार श्रीमंत आहे. कानाचाही पडदा, माईकचाही पडदा, आणि सतारीच्या दांडीवर बांधलेले पितळी पडदेसुद्धा. फारसीत ‘पर्दे’ म्हणजे आडोसाही आणि तंतुवाद्यावरची स्वराची जागाही. आपण दोन्ही अर्थ घेतले. सतार ध्वनिमुद्रित होते तेव्हा पडद्यावर दाबलेली तार माईकच्या पडद्याला हलवते आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या कानाच्या पडद्याला. तिन्ही टप्प्यांना एकच शब्द पुरतो.

व्होल्टाची वाफेची कल्पना मात्र नाशिकच्या पावसाळ्यात वेगळ्या प्रकारे खरी होते. हवेत दमटपणा वाढला की पडद्यावर ओल धरते, साठलेली वीज गळू लागते आणि तडतड असा आवाज सुरू होतो. त्र्यंबकच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांनी जून ते सप्टेंबर माईक स्टँडवर उघडा ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा आणि वापराआधी थोडा वेळ खोलीच्या हवेत राहू द्यावा.

कंडेन्सरला बाहेरून वीज लागते. तिचं नाव ‘फँटम’. ‘फँटम दे’, ‘फँटम चालू आहे का’ हे स्टुडिओतलं रोजचं बोलणं. हा शब्द टेलिफोनवाल्यांकडून आला. दोन जोड तारांवरून दिसत नसलेली तिसरी वाट काढायची, तिला ते फँटम सर्किट म्हणत. माईकमध्येही ज्या तारांवरून आवाज येतो त्यांवरूनच वीज उलट जाते, वेगळी तार दिसत नाही. ४८ व्होल्ट हा आकडा नॉर्वेच्या रेडिओमुळे ठरला. १९६६ साली नॉयमन कंपनी त्यांना ट्रान्झिस्टरवर चालणारे माईक देणार होती आणि त्यांच्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तो आकडा आज नाशिकच्या फ्लॅटमधल्या इंटरफेसच्या बटणावरही छापलेला आहे. ‘फँटम’चं ग्रीक मूळ ‘दिसणे, प्रकाशणे’ या अर्थाच्या धातूत आहे आणि भाषाशास्त्रज्ञ तो संस्कृत ‘भा’शी जोडतात. म्हणजे फँटम आणि आपला ‘भास’ हे चुलत भाऊ. नियम साधा: आधी केबल जोडायची, आवाज पूर्ण खाली आणायचा, मग फँटम चालू करायचा. बंद करतानाही आवाज आधी खाली.

आता माईकचं तोंड कुठे? मोठ्या पडद्याचा स्टुडिओ कंडेन्सर बहुधा बाजूने ऐकतो, टोकाने नाही. सभेच्या माईकसारखं त्याचं टोक वाद्याकडे वळवलं, तर वाद्य त्याच्या डोक्याकडून येतं आणि आवाज दूरचा, निस्तेज लागतो. कंपनीची खूण असलेली बाजू सहसा पुढची. त्या बाजूने तो ज्या आकारात ऐकतो त्याला ‘कार्डिऑइड’ म्हणतात, ग्रीक ‘कार्दिया’, हृदय. समोरचं भरपूर, कडेचं थोडं, पाठीमागचं जवळजवळ नाही. गंमत अशी, की ‘रेकॉर्ड’ या शब्दातही हृदयच आहे: लॅटिन ‘कोर’ म्हणजे हृदय, ‘रेकोर्दारी’ म्हणजे पुन्हा हृदयात आणणे, आठवणे. आपण या कामाला ‘मुद्रण’ म्हटलं, ठसा उमटवणे. ज्या गावात १९२८ पासून नोटा छापल्या जातात तिथे मुद्रण हा शब्द जवळचा वाटायला हवा, पण मला लॅटिनवाल्यांची कल्पना अधिक आवडते.

आता एकेका वाद्याला माईक कसा लावायचा ते पाहू. तंबोऱ्यापासून सुरुवात करावी, आणि तंबोऱ्याचे कारागीर म्हणजे मिरज. नाशिक आणि मिरज यांना जोडणारं एक नाव आहे, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. ते मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, १९२२ साली नाशिकमध्ये त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला आणि १९३१ साली मिरजेतच त्यांचं निधन झालं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला जी ‘जवारी’ काढतात, ती माईक लावणाऱ्याची खरी परीक्षा. घोडीचा पृष्ठभाग हलक्या हाताने घासून आणि तारेखाली सुती दोरा सरकवून आवाजात जो झंकार खुलवतात, ती जवारी. तिच्यात वरच्या स्वरांशांची गर्दी असते आणि हलक्या पडद्याचा कंडेन्सर ती अचूक टिपतो. पण माईक भोपळ्याच्या अगदी जवळ नेला तर खालचा घुमारा अवाजवी वाढतो आणि जवारी बुडते. कार्डिऑइड माईकचा हा स्वभावच आहे, जितका जवळ तितका खर्ज जास्त. घोडीपासून फूट-दीड फुटावर, दांडीच्या बाजूला थोडा झुकवून लावला की दोन्ही ऐकू येतात. सतारीलाही साधारण हेच.

तबल्याचा मुद्दा ‘शाई’पाशी येतो. फारसी ‘सियाह’ म्हणजे काळा. लिहायची शाई आणि तबल्यावरची शाई, शब्द एकच. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं, की या काळ्या लेपामुळेच आपल्या तालवाद्यांचे स्वरांश सुरेल क्रमात बसतात. साध्या चामड्याच्या ढोलाला ते जमत नाही. म्हणून तबल्याला सूर असतो आणि म्हणूनच तो लावावा लागतो. एकच माईक असेल तर तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, दीड फूट वर, वादकाच्या हाताच्या वाटेत न येता. चाटेकडे रोखला तर ‘ना’ टोकदार येतो, शाईकडे वळवला तर ‘तिं’ भरतो. दोन माईक लावायचे तर त्यांच्यातलं अंतर माईक-वाद्य अंतराच्या तिप्पट असावं, असा जुना ठोकताळा आहे. तबल्याच्या जोडीला तो पाळणं कठीण जातं, म्हणून मी एका माईकच्या बाजूचा आहे.

बासरीला फुंकेच्या भोकासमोर माईक कधीच लावू नये. भोकापासून बोटांच्या दिशेने थोडा सरकवून, वरून खाली पाहणारा ठेवावा. पेटीला पाठीमागून भात्याचा श्वास येतो, म्हणून वरून.

राहिला नाशिक ढोल. त्याच्या जवळ कंडेन्सर नेला की ध्वनिमुद्रणवाला ओरडतो, ‘फाटतंय!’ इंग्रजीतल्या ‘डिस्टॉर्शन’मध्ये पिळणे आहे, ‘क्लिपिंग’मध्ये कापणे आहे, मराठी कानाला आवाज फाटलेला ऐकू येतो आणि खरखरीत, चिरलेल्या त्या आवाजाला हाच शब्द चपखल आहे. ढोलाच्या चामड्याला ‘पान’ म्हणतात आणि तेही फाटतं, त्यामुळे पथकातली मुलं या शब्दाने एकदम ढोलाकडे धावतात. माईकवर दहा डेसिबलची कपात करणारं बटण असेल तर ते आधी दाबावं, गेन अगदी खाली ठेवावा आणि थापीच्या बाजूने सहा-सात फूट मागे माईक उभा करून बघावं. टिपरूच्या बाजूला जवळून डायनॅमिक माईक लावावा, तो मार सहन करतो. कंडेन्सर मागेच राहू द्यावा. तिथून त्याला पथकाचा एकत्र घुमारा आणि अंगणाच्या भिंतीवरून परतणारा आवाज मिळतो, आणि ढोलाचं ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा त्याच माईकवर उभं राहतं.