कनवटीचा पैसा : अहेरीच्या जंगलात माणसे किती रोकड बाळगत?

१/
शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अहेरी परिसरातल्या आठवडी बाजाराला निघालेल्या माणसाजवळ रोख रक्कम किती असे? बहुधा काही आणे. पुष्कळदा तेवढेही नाही. तरीही तो मीठ, कापड, नांगराचा फाळ घेऊन घरी परते. हा व्यवहार कसा होई, आणि हाती रोकड नसण्याची किंमत त्याला कशी मोजावी लागे, याविषयीचा हा थ्रेड.

२/
आधी भूगोल. अहेरी आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, प्राणहिता नदीच्या पूर्वेस आहे. ब्रिटिश काळात ती चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी होती. गोंड आत्राम घराण्याच्या या जमीनदारीचा विस्तार अडीच हजार चौरस मैलांहून अधिक होता. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांद्यासह हा मुलूखही इंग्रजांच्या अमलाखाली आला.

३/
पैशाच्या दृष्टीने हा मुलूख तीन जगांच्या सीमेवर वसलेला होता. उत्तरेकडून, चांदा-नागपूरच्या बाजूने इंग्रजी रुपया येई. पश्चिमेस प्राणहिता ओलांडली की निजामाचे राज्य आणि निजामाचे नाणे. पूर्वेस बस्तर, जिथे एकोणिसाव्या शतकातही किरकोळ देवघेव कवड्यांत चाले. नदी किंवा डोंगर ओलांडला की हातातल्या पैशाचे मोल बदलत असे.

४/
कवडी हे सर्वांत लहान चलन. मालदीवच्या समुद्रातला हा शिंपला समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या बस्तरच्या अरण्यात पोचला, ही त्या काळच्या व्यापाराची मोठी नवलाई. कवड्या विसाविसाच्या गटांनी मोजत. एका रुपयाला हजारो कवड्या पडत. म्हणजे रुपयाभर कवड्या कोणी कनवटीला लावून हिंडू शकत नसे. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग त्या व्यवहाराची मराठीत उरलेली खूण आहेत.

५/
निजामाच्या रुपयाला ‘हाली सिक्का’ म्हणत. इंग्रजी रुपयाहून त्याची किंमत कमी. साधारण सहा इंग्रजी रुपयांना सात हाली रुपये, असा हिशेब असे. म्हणजे पैलतीरावर जाऊन व्यवहार करणाऱ्याला नाण्यांची संख्या आणि त्यांचे मोल हे दोन्ही ध्यानात ठेवावे लागे. भाव जाणणाऱ्या सराफाला या फरकातून नफा होई. न जाणणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

६/
आता इंग्रजी रुपया. १८३५ च्या कायद्याने त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम ठरले. हेच एका तोळ्याचे वजन. ८० तोळ्यांचा एक शेर. म्हणून ८० रुपये तराजूत टाकले की शेराचे माप तयार. त्या काळी पैसा शब्दशः तोलून पाहता येत असे, आणि शंभर रुपये बाळगणे म्हणजे एक किलोहून अधिक चांदी अंगावर वागवणे.

७/
तांब्याचा पैसा तर याहून अवजड. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. जुना तांब्याचा पैसा १०० ग्रेनचा होता. त्या हिशेबाने एका रुपयाची मोड सुमारे ४१५ ग्रॅम भरते, म्हणजे चांदीच्या रुपयाच्या ३५ पटींहून जास्त. गरिबाचे नाणे श्रीमंताच्या नाण्यापेक्षा कितीतरी जड होते. बाजाराला जाताना चवली (दोन आणे), पावली (चार आणे) एवढीच शिदोरी पुरेशी मानली जाण्याचे हेही एक कारण.

८/
पैसा ठेवण्याच्या जागांवरूनही पुष्कळ कळते. गावाकडचा पुरुष तो कनवटीला, म्हणजे धोतराच्या कमरेशी मुरडलेल्या भागात खोचे. स्त्री पदराच्या टोकाला गाठ मारी. लांबच्या प्रवासाला निघालेला व्यापारी कमरेला ‘कसा’ ही कापडी पिशवी बांधी. पदराच्या गाठीत दहा-बारा नाणी मावतात, कशात शे-दोनशे. कोणाकडे किती रोकड असावी, हे जणू वस्त्रांनीच ठरवून दिले होते. शिवलेल्या कपड्याचा खिसा खेड्यापाड्यांत बराच उशिरा आला.

९/
मग साठवलेला पैसा कुठे असे? अंगावर. गोंड आणि माडिया स्त्रियांच्या गळ्यात चांदीच्या नाण्यांच्या माळा दिसत. नाण्याला कडी जोडून ते दोऱ्यात ओवले की ते चलनातून बाहेर पडे, पण चांदी म्हणून त्याचे मोल टिके. दुष्काळात, आजारपणात, लग्नकार्यात माळेतले एक-एक नाणे पुन्हा बाजारात परते. कवड्याही अशाच चलनातून सुटून वस्त्रांवर आणि दागिन्यांत स्थिरावल्या.

१०/
रोजच्या व्यवहारात मात्र नाण्याची गरजच क्वचित पडे. घरचे धान्य, जंगलातला मोह, चारोळी, डिंक, मध, लाख, हिरडा यांवर संसार चाले. बाहेरून आणावे लागे ते मुख्यतः मीठ, लोखंड आणि कापड. मीठ या अरण्यात पिकत नाही आणि त्यावाचून भागतही नाही. म्हणून बाजारातला खरा विनिमय मापाने होई : इकडून चारोळी, तिकडून मीठ.

११/
या अदलाबदलीकडे ‘साधेभोळे जीवन’ म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण चारोळी शहरात मेव्याच्या भावाने विकली जाई, आणि मीठ हा बाजारातला सर्वांत स्वस्त माल. दोन्हींची मापे एकास एक झाली की तफावत कोणाच्या पदरात पडे, हे सांगण्याची गरज नाही. शहरातला भाव फक्त व्यापाऱ्याला ठाऊक, आणि रोख रक्कमही त्याच्याच हाती. ज्याच्याजवळ रोकड नाही त्याला माल परत नेऊन चांगल्या भावाची वाट पाहणे परवडत नसे. घरी मीठ संपलेले असे.

१२/
रोकड सक्तीची झाली ती सरकारमुळे. जमीनदार सरकारला ‘टाकोळी’ ही ठरावीक खंडणी भरी, आणि तिच्यासाठी लागणारा पैसा शेवटी रयतेकडूनच येई. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील चराई, लाकूड, दंड यांचीही रोखीत वसुली होऊ लागली. वर्षभर पैशावाचून जगू शकणाऱ्या माणसाला काही ठरावीक दिवशी रुपये हवेच असत. त्याच गरजेतून सावकाराचा उंबरठा झिजू लागला.

१३/
कागदी चलनाचा कायदा १८६१ चा. पण प्रारंभी नोट आपापल्या चलन-मंडळापुरतीच कायदेशीर असे. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळता देशभर ग्राह्य झाली. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला तेव्हा, १९१७ मध्ये, एक रुपयाची नोट निघाली. जंगलातल्या माणसाला ती गैरसोयीची होती. कुडाच्या घरात वाळवी, उंदीर, पाऊस आणि आग हे चारही शत्रू कागदाचे, चांदीचे नव्हेत.

१४/
दुसऱ्या महायुद्धाने चांदीही नेली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये चलनातून काढून घेण्यात आले. १९४३ मध्ये धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा आला. हा ‘भोकाचा पैसा’ दोऱ्यात ओवण्यासाठी कडी जोडावी लागत नसे. मात्र त्यात चांदी नव्हती.

१५/
स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांत सारी गणिते बदलली. १९५१ मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या कायद्यान्वये, जमीनदारी संपुष्टात आली. हाली सिक्का त्याच दशकात लोप पावला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि आण्याचे सव्वासहा. पाव पैशाचे नाणेच नसल्याने एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ नवे पैसे असा कोष्टकाचा हिशेब आला. १९५८ पासून शेराच्या जागी किलो येऊ लागला. बाजारातल्या निरक्षर माणसाला नाणे आणि माप ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी नव्याने शिकावी लागली.

१६/
याच काळात रोकड मिळण्याचा एक मोठा मार्ग रूढ झाला : तेंदूपत्ता. विडीसाठी लागणाऱ्या या पानांचा व्यापार १९६९ च्या कायद्याने राज्याच्या नियंत्रणाखाली आला. ऐन उन्हाळ्यात पहाटे पाने तोडायची, ७० पानांचा एक पुडा बांधायचा, आणि पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. जेमतेम काही आठवड्यांचा हंगाम. पण अनेक घरांत वर्षातली सर्वांत मोठी रोख रक्कम याच दिवसांत येते.

१७/
जिथे रोकड, तिथे संघर्ष. १९८० नंतर या भागात शिरलेल्या नक्षलवादी चळवळीने प्रारंभी हाती घेतलेल्या प्रश्नांत तेंदूपत्त्याच्या मजुरीचा दर होता. पुढे कंत्राटदारांकडून खंडणी घेणे हा त्याच चळवळीच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत झाला. जंगलातल्या रस्त्यावरून नोटांची पिशवी नेणे म्हणजे जीव मुठीत धरून चालणे, अशी अवस्था आली. रोकड जवळ नसण्याचा धोका जुनाच होता. आता ती असण्याचाही धोका निर्माण झाला.

१८/
नोटा रद्द होण्याचे तीन प्रसंग एकत्र ठेवून पाहावेत. १९४६ मध्ये ५००, १,००० आणि १०,००० च्या, १९७८ मध्ये १,०००, ५,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या. अरण्यातल्या सामान्य घरात अशी नोट असण्याचा संभवच नव्हता. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मात्र ५०० ची नोट गेली, आणि ती मजुराच्या डब्यातही होती. दिवस धानकापणीचे. त्यातच १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. ज्या खेड्यांना सहकारी शाखाच जवळची होती, त्यांचे जवळचे दार बंद झाले.

१९/
आज अहेरी, आलापल्लीच्या दुकानांत क्यूआर कोड दिसतो आणि रुपयाला वजन उरलेले नाही. पण अंतर उरले आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की आलापल्लीपासून साठहून अधिक किलोमीटरवर असलेल्या भामरागडचा संपर्क तुटतो. वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला की खात्यातला पैसा खात्यातच राहतो. अशा वेळी घरातल्या चार नोटांचे मोल त्यांच्यावर छापलेल्या आकड्याहून अधिक असते.

२०/
रोख बाळगण्याच्या या इतिहासात एक प्रश्न सतत मागे उभा आहे : भाव कोण ठरवतो? २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकण्यास प्रारंभ केला. लिलाव गाव करते, रक्कम ग्रामसभेच्या खात्यात येते, वाटपाचा हिशेब गावापुढे मांडला जातो. या व्यवहारातही अडचणी आहेत, थकबाकी आहे, वाद आहेत. पण चारोळी देऊन मीठ घेणाऱ्याला जी गोष्ट कधी करता आली नाही, ती आता करता येते : भाव पटला नाही तर माल राखून ठेवणे.

२१/
जुन्या संग्रहात एखादा कडी जोडलेला चांदीचा रुपया दिसला तर तो खराब झालेले नाणे समजून बाजूला टाकू नये. ती कोणा एका कुटुंबाची बँक होती. वाळवी तिला लागत नसे, पूर तिची वाट अडवत नसे, आणि ती उघडण्याचा दिवस त्या घरातली बाई ठरवत असे.

(समाप्त)