‘गावाकडचं ताजं दूध’: गोठ्यावर विश्वास ठेवायचा कसा?

काचेची बाटली, हिरव्या कुरणाचा फोटो आणि खाली ‘थेट गोठ्यातून, प्रक्रिया न केलेलं’. अशी जाहिरात तुमच्या फोनवर आली असेलच. दूध चांगलं असेलही, पण ते ठरवायचं कसं? हा प्रश्न नवा नाही. त्यासाठी आज जाऊया १९व्या शतकातल्या अमेरिकेत.

भट्टीशेजारचा गोठा

न्यूयॉर्क झपाट्याने वाढत होतं. कुरणं लांब गेली, बर्फाची सोय तोकडी, आणि दूध तर रोज हवं. मग शहरातच, दारूच्या भट्ट्यांना चिकटून गोठे उभे राहिले. दारू गाळून उरलेला धान्याचा गरम चोथा थेट गाईंपुढे यायचा. अंधारे, कोंदट गोठे आणि आजारी जनावरं. दूध निघायचं पातळ, निळसर. ते दाट दिसावं म्हणून त्यात खडू, पीठ असलं काहीबाही मिसळलं जायचं. आणि विकणाऱ्या गाड्यांवर काय रंगवलेलं? गावाकडचं शुद्ध दूध!

१८५८ मध्ये फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने हे सगळं चित्रांसकट छापलं. शहरात खळबळ उडाली. नगरपालिकेने चौकशी समिती नेमली, पण तिने गोठेवाल्यांना जवळपास क्लीन चिट दिली, फक्त हवा जरा खेळती ठेवा म्हणाली. कायद्याने बंदी यायला १८६२ उजाडलं. म्हणजे ‘तपासणी झाली आहे’ एवढं ऐकून भागत नाही. तपासणी कुणी केली, तेही विचारावं लागतं.

डॉक्टरांचा करार

नेमकी हीच गोष्ट हेन्री कॉइट या डॉक्टरांनी हेरली. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात ते लहान मुलांवर उपचार करायचे. दुधामुळे आजारी पडणारी बाळं रोज समोर येत होती. १८९३ मध्ये त्यांनी डॉक्टरांचं एक मिल्क कमिशन उभं केलं आणि स्टीफन फ्रान्सिस्को यांच्या फेअरफील्ड डेअरीशी चक्क लेखी करार केला.

करारात काय होतं? गाईंची तपासणी पशुवैद्य करणार. दुधाची तपासणी रसायनतज्ज्ञ आणि जंतुतज्ज्ञ करणार. गोठा, पाणी, दूध काढणाऱ्याचे हात, भांडी, दूध थंड करणं, सगळ्याचे नियम. आणि कमिशनमधल्या डॉक्टरांना यातून एक पैसा मिळणार नाही. सगळं पाळलं तरच बाटलीवर ‘सर्टिफाइड’ लिहायचं. पुढे अशा दुधासाठी एका घनसेंटिमीटरमध्ये जास्तीत जास्त १०,००० जिवाणू ही मर्यादा रूढ झाली. हे दूध कच्चंच होतं, पण साध्या दुधापेक्षा बरंच महाग. म्हणजे गरिबाच्या बाळाला ते मिळणं अवघडच.

त्याच १८९३ मध्ये नेथन स्ट्राउस या व्यापाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये दुसरा मार्ग धरला. गरीब वस्त्यांसाठी पाश्चराइज केलेल्या, म्हणजे ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवलेल्या दुधाची केंद्रं काढली. चांगला गोठा शोधायचा की दूध तापवायचं, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला.

धडधाकट गाय, तरीही

या वादात मोठी भर घातली अ‍ॅलिस इव्हान्स यांनी. त्या अमेरिकेच्या कृषी खात्यात जंतुशास्त्रज्ञ होत्या. १९१८ मध्ये त्यांनी दाखवलं, की गाईंचा गर्भपात घडवणारा जंतू आणि माणसाला महिनोन्‌महिने ताप आणणारा जंतू अगदी जवळचे नातलग आहेत. आणि हा जंतू वरून निरोगी दिसणाऱ्या गाईच्या दुधातही असू शकतो! एक तर बाई, त्यात डॉक्टरेट नाही, म्हणून अनेकांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत त्यांना स्वतःलाच हा आजार जडला आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांनी तो सोसला. आज त्याला आपण ब्रुसेलोसिस म्हणतो. पुढे सर्टिफाइड दूधही पाश्चराइज करून विकलं जाऊ लागलं.

आपल्याकडेही मुंबईतले तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत झाली. तिथेही नुसती जागा बदलून भागलं नाही. दूध पाश्चराइज करूनच बाटल्यांमधून घरोघरी जायचं.

मग गोठेवाल्या दादांना काय विचारायचं?

- दुधाची शेवटची तपासणी कधी झाली, कोणत्या लॅबमध्ये? रिपोर्ट दाखवाल का?
- कालवडींना ब्रुसेलोसिसची लस दिली आहे का? जनावरांची टीबीची तपासणी होते का?
- कासदाह, म्हणजे दगडी झालेल्या किंवा औषध चालू असलेल्या जनावराचं दूध कुठे जातं?
- दूध काढल्यावर किती वेळात थंड होतं? आमच्या दारी येईपर्यंत थंडच राहतं का?

ज्याचा गोठा नीट आहे, तो या प्रश्नांनी चिडत नाही. उलट म्हणतो, ‘या की एकदा, धारेच्या वेळी या.’ जो टाळाटाळ करतो, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

आणि एवढं करून चांगला गोठा सापडला, तरी ते दूध तापवूनच प्यायचं. विशेषतः घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर. चांगल्या गोठ्यामुळे धोका कमी होतो, पण संपत नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाही, गाईलाही नाही आणि मालकालाही नाही. आजी दूध उतू जाईपर्यंत गॅससमोरून हलत नाही, तिला हसू नका.

घरी कच्चं दूध मागवणारं कुणी असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!