दंडावरचा वण

वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. त्यांपैकी कोणत्याही हिवरखेडात, किंबहुना वऱ्हाडातील कोणत्याही गावी, तान्हे मूल असलेल्या घरात एक काळजी हमखास आढळते. जन्मानंतर लवकरच बाळाच्या डाव्या दंडावर बी.सी.जी.ची लस टोचली जाते. बाळ क्षणभर रडते आणि शांत होते. बाळंतीण माहेरी स्थिरावते, बाप्तिस्म्याची तयारी सुरू होते, आणि तीन-चार आठवड्यांनी, टोचल्याचे सारे विसरले असताना, त्या जागी लालसर गाठ उठते. तिच्यात पू धरतो, ती फुटते, वाहते. टोचल्याबरोबर काही झाले असते तर आईबापांनी ते समजून घेतले असते. महिन्याने उठलेला फोड त्यांना दगा वाटतो. आजी हळद लावा म्हणते, शेजारीण मलम आणून देते, आणि बाप मनाशी ठरवू लागतो की यापुढची टोचणी नको. बापाच्या मनातील हा शेवटचा विचारच आम्हांस चिंतेचा वाटतो. म्हणून या फोडाची कुळकथा सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लसीकरणाच्या आरंभकाळी फोड हीच लस होती. 1796 च्या मे महिन्यात एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातील द्रव जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. मुलाला फोड आला, तो वाळला आणि पुढे देवीचा रोग त्याला बाधला नाही. हा द्रव टिकवण्याची साधने तेव्हा नव्हती. एका मुलाला टोचावे, आठवडाभराने त्याच्या दंडावरचा फोड भरला की त्यातून पुढच्या मुलाला टोचावे, अशी साखळी चाले. फोड न आला तर साखळी तुटे. हिंदुस्थानात लस आणण्याचे प्रारंभीचे प्रयत्न समुद्रप्रवासातील उष्म्याने फसले. अखेर लोंबार्डीतील गाईंपासून मिळालेली लस व्हिएन्नाचे डॉक्टर झाँ द कारो यांनी बगदादकडे पाठवली, तेथून ती बसऱ्याला आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईस आली. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. ॲनाच्या दंडावर फोड उठला आणि त्यातून मुंबईतील आणखी पाच मुलांना लस मिळाली. देशभर पसरलेल्या लसीचे मूळ त्या एका बालिकेच्या दंडावर होते. तो फोड उठला नसता तर पुन्हा बसऱ्याची वाट पाहावी लागली असती!

याच साखळीची एक करुणरम्य कथा स्पेनमध्ये घडली. 1803 च्या नोव्हेंबरात डॉ. बाल्मिस यांचे जहाज ला कोरुन्या बंदरातून अमेरिका खंडाकडे निघाले, तेव्हा त्यावर बावीस अनाथ बालके होती. दर नऊ-दहा दिवसांनी दोघादोघांना टोचून लस जिवंत ठेवायची होती. मुलांनी फोड खाजवून फोडू नये, एकमेकांना लावू नये, म्हणून त्यांच्यावर अहोरात्र नजर ठेवणारी स्त्री होती अनाथालयाची व्यवस्थापिका इसाबेल सेंदाल. त्या मुलांत तिचा स्वतःचा मुलगाही होता. बाल्मिस यांचे नाव इतिहासात प्रथम आले खरे; परंतु आमच्या मते या मोहिमेचा भार त्या माउलीने वाहिला. पोपच्या राज्यातही 1822 साली, सातवे पायस यांच्या कारकिर्दीत, कार्डिनल कोन्साल्वी यांनी लसीकरणास उत्तेजन देणारा हुकूम काढला होता. चर्चने लसीला विरोध केला असे अधूनमधून ऐकू येते, म्हणून हे नोंदवले.

वऱ्हाडाचा कारभार 1853 साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. आपल्या भाषेने या टोचण्याला ‘देवी काढणे’ असे नाव दिले आणि ते हिंदू-ख्रिस्ती अशा सर्वच घरांत रुळले. दंडादंडाने टोचण्याच्या काळात आईबापांची खरी तक्रार टोचण्याबद्दल कमी आणि आठवड्याने येऊन आपल्या लेकराच्या दुखऱ्या फोडातून द्रव काढून नेण्याबद्दल अधिक असे. ही तक्रार अडाणीपणाची मुळीच नव्हती. त्या मार्गाने एकाचा आजार दुसऱ्यास जाण्याचा धोका होता, आणि इंग्लंडने ती पद्धत 1898 साली कायद्याने बंद केली. पुढे वासराच्या अंगावर वाढवलेली लस आली. ज्या आजी-आजोबांच्या हातावर आजही मोठे गोल वण दिसतात, त्यांपैकी अनेकांना फिरत्या पात्याच्या हत्याराने टोचलेले होते. दुतोंडी सुई नंतरची. 1975 च्या मे महिन्यात देशातील अखेरचा देवीचा रुग्ण आढळला आणि 1980 साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले.

नातवंडांच्या दंडावरचा वण निराळ्या लसीचा आहे. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी क्षयाचा जंतू तेरा वर्षे पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केला आणि 1921 साली तो प्रथम एका अर्भकास दिला. या लसीनेही आईबापांना रडवले आहे. 1930 साली जर्मनीतील ल्यूबेक येथे, स्थानिक प्रयोगशाळेत अस्सल क्षयजंतू मिसळल्यामुळे 72 बालके दगावली. आपल्याकडे 1948 साली मदनपल्ली येथे, जेथे ख्रिस्ती मिशनांचे क्षयरुग्णालय होते, ही लस टोचण्यास आरंभ झाला. 1955 साली राजगोपालाचारींसारख्या विचारवंताने तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. पुढे 1968 साली चिंगलपेट येथे सुरू झालेल्या मोठ्या पाहणीत, प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ही लस आवरत नाही, असेही दिसले. मग ती अजून का देतात? कारण तान्ह्या मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्व अंगभर पसरणारा क्षय यांपासून ती रक्षण करते. हे दोन्ही आजार मूल हिरावून नेतात, किंवा जन्माचे पांगळे करून सोडतात.

तेव्हा त्या फोडाचे काय करावे? बहुतेक वेळा काहीच नाही. तो दोन-तीन आठवड्यांनी उठतो, फुटतो, खपली धरतो, आणि दोन-तीन महिन्यांत लहानसा वण ठेवून बरा होतो. हळद, मलम, पावडर लावू नये, दाबू नये, घट्ट पट्टी बांधू नये. आंघोळ नेहमीसारखी घालावी. काखेत छोटी गाठ आली तर तीही बहुधा आपोआप जिरते. मात्र गाठ वाढत गेली, तिच्यात पू झाला, जखम तीन महिन्यांनंतरही वाहत राहिली, किंवा बाळ सुकू लागले, वरचेवर आजारी पडू लागले, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. क्वचित एखाद्या बालकाची प्रतिकारशक्ती जन्मतःच दुबळी असते, आणि त्याला हीच लस बाधू शकते. अशा बालकाविषयी पुढील लसींचा निर्णय डॉक्टरच घेतील. इतरांच्या बाबतीत, बी.सी.जी.चा फोड आला म्हणून पोलिओचे थेंब किंवा दीड महिन्याची टोचणी चुकवण्याचे कारण नाही. त्या लसी निराळ्या आहेत.

काही बालकांच्या दंडावर मुळी फोडच येत नाही, वणही राहत नाही. मग दुसरीच काळजी सुरू होते, की लस लागली नाही. लस दिल्याची नोंद कार्डावर असली तर पुन्हा टोचून घेण्याची गरज नसते.