पैसा फंडापासून क्यूआर कोडपर्यंत

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंताजी दामोदर काळे यांनी एक कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभा करावा. एक पैसा म्हणजे त्या काळच्या रुपयाचा चौसष्टावा भाग! ऐकणाऱ्यास हसू यावे अशीच ही गोष्ट होती. परंतु लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. पुढे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याचा मुष्टिफंड त्यांनी रुजविला. ज्या घरात रोख रुपया नव्हता, ते घरही त्यामुळे दाते झाले.

मुंबईचा शिरस्ता निराळा होता. येथे एकेक धनाढ्य पुरुष संस्था उभी करी. श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास दिलेल्या दोन लाख रुपयांतून मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. हे दान थोरच. मात्र अशा दानावर चालणारी संस्था पुढच्या पिढीतील दात्याची वाट पाहत बसते. मुष्टिफंडाच्या संस्थेला तशी वाट पाहावी लागत नाही.

आंतरजालाने ही मूठभर धान्याचीच रीत नव्या रूपात आणली. या शतकाच्या आरंभी गिव्हइंडियासारख्या संस्थांनी संगणकावरून दान देण्याची वाट खुली केली. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावपटू आपल्या परिचितांकडून सेवाभावी संस्थांसाठी निधी मिळवू लागले. अनोळखी संस्थेच्या आवाहनापेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द अधिक फळतो, हे मुंबईकरांना तेथे दिसले. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि अकरा रुपयांचे दानही क्षणार्धात पोहोचू लागले. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून दोन हजार रुपयांहून अधिक रोख दानास ८०जी ची वजावट मिळेनाशी झाली. त्यापूर्वी ही मर्यादा दहा हजारांची होती. अनेक जुन्या विश्वस्तांनी बँकेचा मार्ग धरला तो उत्साहाने नव्हे, या नियमामुळे.

ट्रॉम्बे-चेंबूर पट्ट्यास या बदलाची खरी निकड २०२० साली जाणवली. मार्चमध्ये टाळेबंदी आली. पर्युषण आले तेव्हाही मंदिरांची दारे बंदच होती. सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑगस्ट रोजी दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन जैन मंदिरांना २२ व २३ ऑगस्ट हे दोनच दिवस दर्शनासाठी अनुमती दिली, तीही एका वेळी पाच भाविकांना. जेथे संघ एकत्र बसू शकत नाही तेथे बोली कशी व्हावी आणि भंडार कसा भरावा? क्यूआर कोडचा कागद अशा दिवसांत कामी आला.

त्याबरोबर एक पेचही आला, व तो तंत्राचा नाही. जैन परंपरेत दानाचे खाते पवित्र मानले जाते. देवद्रव्य साधारण खात्यात वळविता येत नाही. जीवदयेचा रुपया जीवदयेसच लागला पाहिजे. भंडाराच्या निरनिराळ्या पेट्यांमुळे हा भेद आपोआप राखला जाई. एकाच क्यूआर कोडवर आलेली रक्कम मात्र मुकी असते. ती कशासाठी दिली, हे तिच्यावर लिहिलेले नसते. प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र कोड ठेवणे, अथवा रक्कम भरतानाच हेतू नोंदविण्याची सोय करणे, एवढ्यानेच निम्मा गुंता सुटतो. उरलेला निम्मा पावतीने सुटतो. पावती त्याच दिवशी गेली, आणि वर्षाअखेर त्या पैशाने काय झाले याचे चार ओळींचे पत्र गेले, तर दाता पुढील वर्षी न मागता देतो. दरमहा लहान रक्कम आपोआप वळती करण्याची सोय तर मुष्टिफंडाची सख्खी वारसदार होय. आणि कोडचा कागद अधूनमधून तपासावाच, कारण त्यावर दुसराच कोड चिकटविण्याचे प्रकार घडतात.

गुप्तदानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००६ च्या वित्त कायद्याने धर्मादाय संस्थांना निनावी देणग्यांवर तीस टक्के कर लागू केला. केवळ धार्मिक न्यासांना त्यातून वगळले. २०२१-२२ च्या देणग्यांपासून ८०जी मान्यता असलेल्या संस्थांना दात्यांची यादी प्राप्तिकर खात्यास देणे आवश्यक झाले. म्हणजे वजावट हवी असेल तर नाव द्यावेच लागते. तथापि खात्यास नाव कळविणे निराळे आणि संगमरवरी फलकावर ते कोरणे निराळे. भरणा करतानाच 'नाव जाहीर करू नये' असा एक रकाना ठेवला, तर वहीत नाव राहते आणि संघात दान गुप्त राहते.