डॅशहाउंडची पाठ सांभाळा
बसक्या पायांचा, लांबट अंगाचा डॅशहाउंड शहरी फ्लॅटमध्ये सोफ्यावर लोळताना दिसत असला, तरी मुळात ही जर्मनीतील शिकारी जात आहे. ‘डाक्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरून त्याला भिडण्यासाठीच हे अंग घडवले गेले. या जातीचे सर्वांत गंभीर दुखणेही त्याच घडणीतून आले आहे.

एफजीएफ-४ या जनुकाच्या जादा प्रतीमुळे डॅशहाउंडचे पाय आखूड राहतात. अशीच आणखी एक प्रत मणक्यांमधील चकत्या बिघडवते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. गादीसारखी मऊ असणारी चकती लहान वयातच कोरडी पडते व तीत कॅल्शियम साचते. पुढे एखाद्या उडीचे निमित्त होते, कधी तेवढेही लागत नाही. चकतीतील गर बाहेर येऊन मज्जारज्जूवर दाब पडतो. चार-पाच डॅशहाउंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुधा तीन ते सात वर्षांच्या वयात.

पाठ कमानीसारखी वाकणे, उचलताच केकाटणे, जिना चढण्यास नकार देणे ही सुरुवातीची लक्षणे होत. पाय मुरगळला असेल, अशा समजुतीने दोन दिवस वाट पाहणे महागात पडते. मागचे पाय लुळे पडल्यास त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. पंजाला जोरात चिमटा घेतल्यावर वेदना जाणवत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे नऊ कुत्री पुन्हा चालू लागतात. ही संवेदना गेलेली असल्यास प्रमाण निम्म्याच्या आसपास येते.

दुखणे सौम्य असेल, तर किमान चार आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती द्यावी लागते. बहुतेक मालकांचा धीर सुटतो तो इथेच, कारण औषधाने वेदना कमी होताच कुत्रा उड्या मारू लागतो. घरातील आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच देऊ नये. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी, वजन वाढू देऊ नये आणि उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागील भागाखाली धरावा.

पिल्लू घेताना त्याच्या आईवडिलांना पाठीचा त्रास झाला होता का, हे विचारावे. डेन्मार्क, फिनलंड आदी देशांत प्रजननापूर्वी पाठीचा एक्स-रे काढून कॅल्शियम साचलेल्या चकत्या मोजल्या जातात. ठिपकेदार रंगाच्या पिल्लांना मागणी अधिक असते. मात्र आई व वडील दोघेही ठिपकेदार असतील, तर काही पिल्ले बहिरी वा आंधळी निपजतात.