तहानेची परीक्षा

मागच्या व्याख्यानात आपण मधुमेहापाशी थांबलो होतो. मुंग्या रोग्याच्या लघवीकडे धावतात हे चरकसंहितेने नोंदलं, तर इंग्लंडात टॉमस विलिसने १६७४ मध्ये तिच्या गोडीबद्दल लिहिलं. आज त्याचं बेचव भावंड बघू.

चरकाच्या प्रमेहांत ‘उदकमेह’ आहे: लघवी भरपूर, स्वच्छ, थंड, गंधहीन, पाण्यासारखी. आधुनिक रोगाशी तो तंतोतंत जुळवायचा मोह आपण टाळू या. वर्णन जुळलं म्हणून कारण जुळत नाही. युरोपात अठराव्या शतकात दोन प्रकार वेगळे पडले, ‘मेलिटस’ म्हणजे मधाळ आणि ‘इन्सिपिडस’ म्हणजे बेचव. गंमत बघा, रोगाला नाव मिळालं ते वैद्याच्या जिभेवरून!

१९१३ मध्ये इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन वेल्डेन यांना दिसलं की पिट्युटरीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला की लघवी कमी होते. त्यातलं व्हासोप्रेसिन पुढे डू व्हिन्यो यांनी प्रयोगशाळेत बनवलं. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

औषध हाती आलं, पण ते द्यायचं कुणाला? एखादा माणूस दिवसाला दहा लिटर पाणी पितो. त्याचा मेंदू संप्रेरक पुरेसं सोडत नसेल, मूत्रपिंड त्याला दाद देत नसेल, किंवा सगळं ठीक असून तो नुसताच पाणी पीत असेल. या तिसऱ्याला औषध दिलं आणि त्याचं पिणं चालूच राहिलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं, झटके येतात, जिवावर बेततं. म्हणून परीक्षा आली, आणि ती कसली? तहानेने व्याकूळ माणसाचं पाणी तोडायचं! तासातासाला वजन, लघवीची तीव्रता, रक्त. इतकं करून उत्तर कित्येकदा अर्धवटच.

मग संप्रेरकच का मोजू नये? यॅलो आणि बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअसेने १९५९-६० पासून रक्तातली संप्रेरकं मोजण्याचा रस्ता खुला केला होता. पण व्हासोप्रेसिन बिंबिकांना चिकटतं, नमुन्यात टिकत नाही. इथे आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना नैयायिक आठवतात: डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी. तो धूर म्हणजे कोपेप्टिन. एकाच मोठ्या रेणूचे तुकडे होताना ते व्हासोप्रेसिनबरोबर तितक्याच प्रमाणात सुटतं, आणि टिकतं. २०१८ च्या एका अभ्यासात तीव्र मिठाचं पाणी शिरेतून देऊन कोपेप्टिन मोजलं, निदान ९६.५ टक्के अचूक आलं, पाणी तोडण्याच्या परीक्षेत ७६.६. मिठाचं पाणीही सुखाचं नाही, सोडियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पण काम काही तासांत उरकतं.

जिभेने दिलेलं नाव मात्र चिकटून राहिलं. ‘डायबेटिस’ ऐकलं की रुग्णालयातही लोक साखर तपासायचे, आणि गरजेचं औषध राहून जायचं. अखेर २०२२ मध्ये तज्ज्ञांनी नवं नाव सुचवलं: ‘आर्जिनीन व्हासोप्रेसिनची कमतरता’, आणि दोष मूत्रपिंडात असेल तर ‘आर्जिनीन व्हासोप्रेसिनला प्रतिरोध’.